खोबरेल घातलेले शॉकअप

दादा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, मंडप उतरला, आणि वहिनीनं आतल्या खोलीतून दादाची रिमोटची बग्गी आणून माझ्या हातात दिली. हातभर लांब, जाड दातेरी चाकांची, धुळीनं माखलेली. दादा लातूरला बसगाड्यांच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. रविवारी तो आणि त्याचे तीन-चार मित्र गावाबाहेरच्या आटलेल्या तळ्यात अशा बग्ग्या पळवायचे. वहिनी कधी बघायला गेली नाही. पन्नाशीच्या माणसानं खेळणं घेऊन हिंडावं याची तिला लाज वाटे. आता ती म्हणाली, "भावजी, एकदा मला ही पळताना बघायची हाय. नीट करून आणा."

दादाचा एक मित्र स्कूटरचा मिस्त्री. त्यानं जाता जाता सांगितलं की उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढायला पोकलेन येणार आहे, काय करायचं ते त्याआधी करा. आणि आधी शॉकअप बघा.

मी नांदेडला कॉलेजात शिकवतो. पाना-पकड माझ्या हाताला माहीत नाही. थंडीतल्या एका सकाळी बग्गी टेबलावर घेतली. चाकांचे हादरे झेलणारे चार शॉकअप, बोटाएवढे. प्रत्येकात तेल भरलेली नळी, तेलात वरखाली होणारी सळई, तिच्या टोकाला भोकं पाडलेली चकती, आणि बाहेरून स्प्रिंग. स्प्रिंगा काढून सळया दाबल्या, ओढल्या. चारही अर्ध्यावर अडकलेल्या, हलेनात. गंजले असावेत, असं मी ठरवून टाकलं. दोन टोकांमधलं अंतर पट्टीनं मोजून कागदावर लिहिलं.

त्यानंतरचे आठवडे मी एका जागी बसलो नाही. पुस्तक उघडावं, दोन पानं वाचावीत आणि उठावं. शॉकअपबद्दल मिळेल ते वाचलं. स्टेशनजवळच्या खेळण्यांच्या दुकानातले शॉकअप नुसत्या स्प्रिंगचे होते, तेलच नाही. दाबून सोडले की चेंडूसारखे उसळायचे. तेलाचे बरे, आणि पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या नळीचे बरे, एवढं कळलं. त्या दुकानदाराच्या ओळखीनं मी घेतलेल्या मापाचे चार हैदराबादहून मागवले. ते येईपर्यंत तीन वेळा दुकानात जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, सर, तुमचा मुलगा लई हट्टी दिसतो.

शॉकअप हातात पडले तेव्हा उन्हाळा लागला होता. लातूरच्या बसमध्ये नव्या जिल्ह्याचा वाद पेटलेला होता. उदगीर होणार म्हणून एक जण सांगत होता, दुसरा म्हणत होता आधी प्यायला पाणी आणा, मग जिल्हा करा. मांडीवरचा खोका मी सारखा उघडून बघत होतो.

मिस्त्रीनं नवे शॉकअप बसवले आणि बग्गी फरशीवर ठेवली. तिचं पोट फरशीला टेकलं.

"सर, हे कुणाचं माप आणलं? कोंबडी अंड्यावर बसल्यावानी बसली की."

मी जुने चार पिशवीतून काढले. त्यानं एकाची सळई धरून ओढली. ती सरळ, पूर्ण बाहेर आली. जानेवारीत ती हलत नव्हती, असं मी सांगितलं. मिस्त्रीनं बोटाला लागलेलं तेल माझ्या नाकाजवळ धरलं.

"खोबरेल हाय. दादांचं शॉकअपचं खरं तेल संपलं व्हतं, मागवायचा कंटाळा. थंडीत डोक्याच्या तेलाची बाटली उन्हात ठिवता का न्हाई तुम्ही?"

गोठलेल्या खोबरेलानं अर्ध्यावर धरून ठेवलेल्या सळयांचं माप मी घेतलं होतं.

मिस्त्रीच्या मते पुढचे दादाचे जुने दोन चांगले होते. मागच्या एकाची सळई वाकलेली. मागे नवी जोडी लागणार, लांब, आणि ती मिस्त्रीकडे होती. चारहींत खरं तेल भरायचं. खोबरेल उन्हात पाण्यासारखं पातळ होतं, गाडी ढेकळांवर आपटते. हे सगळं मला पटत होतं. पण ते खोबरेल दादाच्या हातानं भरलेलं होतं. मी म्हणालो, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणालो. पोकलेन सोमवारी येणार होतं.

शनिवारी वहिनी टँकरवरून हंडे भरून आली. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. तिनं काय झालं विचारलं, मी अडखळत सांगितलं. तिनं पदरानं हात पुसले.

"ते तर महिन्या-दोन महिन्याला जुनं तेल ओतून द्यायचे, नवं भरायचे. माझी बाटली रिकामी व्हायची. बदला."

रविवारी सकाळी आम्ही तळ्यात उतरलो. तळ भेगाळलेला, चाक जाईल एवढ्या भेगा. मिस्त्रीनं बग्गी गुडघ्याच्या उंचीवरून सोडली. पडल्यावर ती एकदाच खाली दबून तिथंच थांबली पाहिजे, पुन्हा उसळता कामा नये. थांबली. मग रिमोट त्यानं घेतला. बग्गी भेगा ओलांडत गेली, बांधाच्या चढावरून उडाली, पडली, शेपटीकडची बाजू हवेत उडवत पुढे पळाली. मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी डोळ्यांवर हात धरून बघत होती. तिसऱ्या फेरीला म्हणाली, "मागनं जास्त उडती."

मिस्त्रीनं मान वळवली. "वैनी, तुम्हाला काय कळतं यातलं?"

"वीस वर्षं जेवताना हेच ऐकत आले."

तिचं बरोबर होतं. मागचं तेल पातळ पडत होतं. पुरे झालं, बघितलं की, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. पिशवीतलं वर्तमानपत्र काढून तिनं भेगाळलेल्या मातीवर पसरलं. मिस्त्रीनं मागचे दोन्ही शॉकअप उघडले, आधीचं ओतून दाट तेल भरलं आणि एक माझ्याकडे दिला, उभा धरा म्हणून. आतले बुडबुडे वर येऊन फुटल्याशिवाय झाकण लावायचं नसतं. ऊन चढत होतं. दुसरा वहिनीनं धरला होता.