कोरा नमुना

आमची वहिनी रेणू पकडते. एका वेळी एकच. मासे पकडणाऱ्याला निदान टोपलीत दाखवायला काहीतरी असतं. वहिनीच्या हाती लागतं ते तिला स्वतःलाही दिसत नाही.

तळघरातल्या तिच्या प्रयोगशाळेत सोन्याची सुई सोन्याच्या पत्र्याला टेकवून अलगद उचलतात. मधल्या फटीत नशिबाने एखादा रेणू अडकला, की त्यातून किती वीज जाते ते मोजायचं. बाहेर कुणी दार आपटलं तरी तो निसटतो. त्यामुळे तिच्या तोंडी सदा "हळू!" सहकाऱ्यांनी तिचं नावच हळूबाई पाडलंय. माझा थोरला भाऊ चालतो तेव्हा कपाटातली भांडी वाजतात. अशा माणसाशी तिने लग्न का केलं, याचा उलगडा कुठल्याच प्रयोगशाळेत व्हायचा नाही.

यंदा मात्र हळूबाईंचं नशीब फळफळलं. बटण दाबावं तशी त्यांच्या रेणूतली वीज चालू-बंद होऊ लागली. वर्षानुवर्षं हंगामी असलेली नोकरी या बटणावर पक्की होणार होती. तपासणी समितीपुढे प्रयोग झाला. पडद्यावरची रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. टाळ्या पडल्या. विभागप्रमुख तर असे फुलले, जणू रेणू त्यांच्याच पोटी जन्मला होता.

तिथेच थांबावं की नाही! पण तिच्या कामाचा एक नेम आहे: मोजणीनंतर रेणू नसलेला कोरा नमुनाही मोजायचा. प्रमुखांच्या घाईपायी तो राहून गेला होता. कुणी मागितलं नसताना वहिनीने समितीसमोरच नवी सुई लावली, कोरं सोनं ठेवलं. रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

म्हणजे रेणूचा काही पराक्रमच नव्हता. सोन्याचेच अणू जुळत होते, तुटत होते. समितीला एकाएकी दुसरी कामं आठवली. हातातोंडाशी आलेला घास गेला.

घरी भाऊ भडकला. "आपल्याच पायावर धोंडा! कोरा नमुना उद्या मोजला असतास तर आभाळ कोसळलं असतं?"

मलाही तिचा रागच आला होता. खरं सांगायचं तर मी भावाच्याच बाजूने होतो.

"भावजी, तुम्हीच सांगा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या नोकरी पक्की झाली असती. मग तो मोजायची माझी हिंमत झाली असती का?"