न वाजलेल्या अकरा फायली

ही गोष्ट सांगायचं मी सात वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की उठून झाडांना पाणी घालायला जायचो. त्या पळण्याचाच आता राग येतो, म्हणून लिहितो आहे.

रेल मिलमध्ये मी तीस वर्षं रूळ तपासले. खोट दिसली की खडूची फुली, आणि तो रूळ भंगारात. माझ्या फुलीवर कोणी वाद घातलेला मला चालत नसे. रिटायर झालो तरी ती सवय गेली नाही.

बायको जाऊन चार महिने झाले होते. मुलाच्या गाडीतल्या स्टिरिओला एक पेनड्राइव्ह लावलेला असायचा. त्यात माझी जुनी गाणी होती आणि मधे मधे नुसत्या आकड्यांच्या नावाच्या अकरा फायली. त्यांच्यातली एखादी आली की स्टिरिओ अडायचा, पडद्यावर 'एरर' दिसायचं. एकदा कोहक्याहून सिविक सेंटरला जाईपर्यंत माझं डोकं फिरलं. स्टिरिओवर थापट मारली. घरी येऊन कॉम्प्युटर उघडला आणि जे जे वाजलं नव्हतं ते ते पुसून टाकलं. एकही फाइल उघडून ऐकली नाही. स्टिरिओने नापास केली, मीही केली.

त्या फायलींत बायकोचा आवाज होता. आजारपणात उशीला टेकून तिने भुलाबाईची गाणी, मुली मूर्ती मांडून संध्याकाळी म्हणतात ती, म्हटली होती, आणि सुनेने ती आपल्या मोबाइलवर घेतली होती, नातीला पुढे शिकवता यावीत म्हणून. मोबाइलची ती फाइल गाडीच्या स्टिरिओला कळत नव्हती, एवढंच. कॉम्प्युटरवर ती वाजली असती. मोबाइल बिघडायला लागला तेव्हा सुनेने सगळं त्या पेनड्राइव्हवर टाकून ठेवलं होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं.

भाद्रपदात नातीने भुलाबाई मांडली. सुनेने पेनड्राइव्ह काढला, लावला, पुन्हा लावला. गाणी नव्हतीच. मग मुलगा तिच्यावर ओरडला.

"तुले एक काम होतं! आईचा आवाज होता तो!"

"मी हात बी नाही लावला अवो, कसम से."

"मंग का भुतानं पुसलं?"

मी सोफ्यावर पेपर घेऊन बसलो होतो. ऐकता ऐकताच मला सगळं कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललोही, पण काय बोललो?

"आजकालच्या पोरींले मोबाइल बदलाची घाई. सांभाळाचं भान नाही."

सून माझ्याकडे वळली. "बाबा, तुमी तरी असं नका म्हणू जी."

मी पेपर वर केला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातली खोट काढणारा माणूस!

त्या महिन्यात रोज संध्याकाळी सून नातीला शेजारी बसवून, आठवतील तशी गाणी म्हणायची. चाली चुकायच्या. मला त्या सगळ्या येत होत्या, चाळीस वर्षं ऐकल्या होत्या. एकदाही जाऊन "असं नाही, असं" म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तिथे बसावं लागलं असतं, आणि बसलो असतो तर सांगावं लागलं असतं. मुलगा अजून भांडणात तो विषय काढतो. ती आता उत्तरही देत नाही. तिच्या त्या गप्प राहण्याने माझं डोकं अजून भडकतं, आणि तो राग तिच्यावर नाही हे मला ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात तिने मला गाडीने मरोद्याला नेलं. तिचं माहेर तिथलंच. आता गाणी मोबाइलवरूनच लागतात, पेनड्राइव्हची जागा रिकामी असते. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणालो, "बेटा..."

तिने आवाज कमी केला. "का झालं बाबा?"

"काही नाही. समोर ट्रक आहे, हळू चालव."

ओठांवर होतं ते हे: गाणी मी पुसली, बेटा. तुझा काही दोष नव्हता. माफ कर मले.