मे महिन्यातला सडा

दत्तारामबाब लग्नाचे फोटो काढायला निघाले की कॅमेऱ्यात रोल अशा हलक्या हाताने चढवायचे, की छत्तीस फोटोंच्या रोलमधून सदतिसावा निघायचाच. "छत्तीस यजमानाचे, सदतिसावो माझो," म्हणायचे. तो फोटो मांडवात कधी खर्च झाला नाही. परतताना सायकल कडेला लावायची आणि तारेवरचा खंड्या नाहीतर डोंगरावर उतरलेला ढग टिपायचा, मग घरी.

मूळचे ते पेडण्याकडचे. डिचोलीच्या बाजारात त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता. गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती तेव्हा मी तिथे कामाला लागले. अल्बमात फोटो चिकटवायचे आणि पाठीवर स्टुडिओचा शिक्का मारायचा. माझी शाळा चौथीलाच सुटलेली. पण दत्तारामबाबांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून सदतिसाव्या फोटोंच्या पाठीवर दोन ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. आज मी चार अक्षरं लिहिते ती त्या पाठींवर शिकलेली.

"बाय, लिही. माडगरुडाची बायल झाडाच्या ढोलीत बसता आणि दार लिंपून घेता. बारीक फट ठेवता. घोव बाहेरसून फळां भरयता."

"आणि घोव नाय इलो तर?"

"येता गो. तो काय माणूस आसा?"

एकदा माझ्या हातून घोटाळा झाला. हाच लांब चोचीचा माडगरूड, म्हणजे धनेश पक्षी, कारापूरच्या एका लग्नाच्या अल्बमात चिकटला, नवरा-नवरीच्या बरोबर पुढच्या पानावर. नवरीची आई अल्बम घेऊन आली. "दत्तारामबाब, हो नाकाळो कोण? जावयाचो मामा काय?" मी तोंड लपवलं. बाब मात्र शांतपणे म्हणाले, "मामा न्हय. पण बायलेक बसल्या जागेर जेवण हाडून दिता. ऱ्हवां दे, जावयाक उपेगी पडात." त्या बाईने तो फोटो खरंच ठेवून घेतला.

मुळगावच्या पलीकडे एक सडा होता. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट जांभ्याचं रान. श्रावणात बाब तिथे पोटावर आडवे होत. मलाही नेत. तिळाएवढी फुलं दाखवत, पानांवर दवासारखे चिकट थेंब आणून माश्या धरणारं झाड दाखवत. "मातयेत खावक कायच नाय, म्हणून ह्या झाड मूस खाता," म्हणत. माझं लुगडं चिखलाने भरायचं, पण मी कुरकुरले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका मे महिन्यात, खाणवाल्यांची जीप स्टुडिओच्या दारात थांबली. त्यांना सड्याचे फोटो हवे होते. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. जन्मभर सायकल हाकलेल्या माणसाला जीपमध्ये पुढे बसायला मिळालं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेले, संध्याकाळी दमून आले.

"साहेबाक घाई. आणि वर एक टिटवी मेली डोक्यार बोंबलत होती. हाकलून हाकलून हात दुखले."

मी फोटो फायलीत लावले. करपलेला दगड आणि वर पांढरं आभाळ, बस. पाठीवर शिक्का मीच मारला.

सड्यावर खाण येणार अशी बातमी गावात आली तेव्हा पंचायतीत सभा झाली. बाब श्रावणातल्या फुलांचे सगळे फोटो पिशवीत घालून गेले. अधिकाऱ्याने ते नीट पाहिले, चांगले आहेत म्हणाला, आणि मग आपली फाइल उघडून समोर सरकवली. 'जागेवर झाडझाडोरा, पशुपक्षी काही नाही' असं लिहिलं होतं. खाली तो मे महिन्यातला फोटो. उलटा करून त्याने शिक्का दाखवला.

बाब परत आले, खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं ते तसंच हातात धरून राहिले.

"शिक्को आमचोच, बाय," एवढंच म्हणाले.

सडा गेला. ट्रकांची तांबडी धूळ काउंटरच्या काचेवर बसू लागली. सकाळी पुसावी तर दुपारी पुन्हा तेवढीच. बाब लग्नं करत राहिले, पण रोल छत्तीसलाच संपू लागले. मीही थकले होते, आणि शिक्का मारणारा हात माझाच होता.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात, एका दुपारी त्यांनी भिंग मागितलं. समोर तोच सड्याचा फोटो होता, आमच्याकडे राहिलेली प्रत. बराच वेळ पाहून मला हाक मारली. "बाय, हय बघ. उजवीकडे, खाली."

मला दगडच दिसले. मग हळूहळू त्यातले चार दगड वेगळे झाले. ठिपक्याठिपक्यांचे, निमुळती टोकं आत करून एकाला एक लागलेले.

"टिटवी घरटां बांधना नाय, दगडात अंडी घालता. कोणाचो पाय जवळ इलो की बोंबलता. मीच तुका लिहूक सांगलेलंय ना?"

"होय, बाब."

"ती सांगत होती. आणि मी तिका हाकललंय."

मी पेन घेतलं. त्या फोटोच्या पाठीवर शिक्क्याशिवाय काहीच नव्हतं. बाबांनी भिंग खाली ठेवलं.

"लिही. चार अंडी आसत. फोटो काढणाऱ्याक दिसली नाय."

त्यांनी सांगितलेलं मी लिहिलेलं ते शेवटचं. पावसाळ्यात ते गेले.

तो फोटो आता माझ्या घरी भिंतीवर आहे. येणारी माणसं विचारतात, "आज्ये, दगडांचो फोटो कित्याक लावलंस?" पूर्वी मी सगळं सांगत बसायचे. आता गुडघे दुखतात, बोलायलाही दम लागतो. बाबांचं भिंग त्यांच्या हातात देते आणि चहा ठेवायला आत जाते. चहा उकळेपर्यंत बाहेरून कोणी "अंडी!" म्हणालं नाही, तर मी आणखी थोडा उकळू देते.