शालिकरामची नीळ

मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीचा मी सचिव. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात कुणी हिंग लावून विचारत नाही, म्हणून त्याला सोसायटी लागते. माझ्या ताब्यात दोन लिफ्ट, एक पाण्याची टाकी आणि मधोमध एक लॉन. त्या लॉनवर माझा फार जीव. त्यापायी मी काय करून बसलो, ते सांगायचे आहे. पण त्यासाठी आधी शालिकराम सांगितला पाहिजे.

शालिकराम दरवर्षी होळीच्या आगेमागे तणनाशक मारायला येई. पन्नाशीचा, उंच, बोलायला कंजूष. धरमपेठ, सदर इथल्या बंगल्यांची लॉनं त्याच्याकडेच होती. सकाळी साडेसहाला, वारा पडलेला असताना तो पाठीवरचा पंप खाली ठेवी. आधी पंप अर्धा पाण्याने भरायचा, मग मापाने औषध, मग उरलेले पाणी. अंदाजपंचे कधीच नाही. हातात मोजे, तोंडाला दुपट्टा. ढवळायला लिंबाची काडी. हे औषध रुंद पानांचे तण मारते, हरळीला काही करत नाही. शेवटी तो खिशातून बाटली काढून पंपात कपड्याची नीळ ओते आणि मागे मागे सरकत फवारत जाई. मारलेला भाग निळा दिसे. पंप तीन पाण्यांनी धुवी आणि ते पाणीही त्याच लॉनवर मारी.

माझा सगळा राग त्या निळीवर. आदल्या वर्षी पोरांच्या पायांनी ती लिफ्टपर्यंत गेली होती आणि सभेत माझी यथेच्छ शोभा झाली होती. यंदा तर माझ्या मुलीचे, कामिनीचे साक्षगंध त्याच लॉनवर ठरले होते. कार्यक्रमाला पंधरा दिवस होते, तेवढ्यात तण वाळून जाणार होते. पण वरपक्ष गुरुवारी जागा पाहायला येणार होता, आणि फवारणी मंगळवारी.

"शालिकराम, यंदा नीळ नको."

त्याचे हात थांबले. "साहेब, निळीशिवाय मारलेलं दिसत नाही."

"तुला दिसलं म्हणजे झालं. बोर्ड लाव पाहिजे तर."

"इथं कोनी भाजी तोडते का? चिवळ, घोळ?"

लॉनच्या कडेला चिवळ माजली होती. बारीक पानांची, लालसर देठांची, जमिनीला चिकटून पसरणारी. मुगाची डाळ घालून केली की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. आमचा जिना झाडणारी गोपिका फाल्गुन लागला की घरी जाताना ती ओटीत खुडून नेई. मी गॅलरीत पेपर वाचताना तिला रोज पाहत असे. शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, तिने दोनदा आणूनही दिली होती आणि मी बोटे चाटून खाल्ली होती.

"हे काय वावर आहे?" मी म्हणालो. "कुणी तोडत नाही."

"पक्कं?"

"अरे, पक्कं!" माझा फोन वाजत होता, व्याह्यांचा. 'हो' म्हटले असते तर नीळ आली असती, नाहीतर गोपिकेला शोधून सांगावे लागले असते. मी एका शब्दात मोकळा झालो. तो पुन्हा म्हणाला, "पहा बा साहेब, कोनी तोडत नाही ना?" मी फोन कानाला लावून मानेनेच नाही म्हटले.

त्याने बाटली खिशात परत ठेवली. फवारणी झाल्यावर 'औषध मारले आहे, हात लावू नये' असा पुठ्ठा कडेला टांगला, पानांवरचे औषध सुकेपर्यंत, दहा वाजेतो उन्हात उभा राहिला आणि सदरमधल्या बंगल्याच्या कामाला गेला.

चार वाजता आमची बेल जोरजोरात वाजली. शालिकराम दारात, घामाने निथळत. सदरहून परतताना त्याला राहवले नाही म्हणून तो लॉन पाहायला वळला होता.

"कडेची चिवळ खुडली हाय साहेब. बोटानं. शेंडे शेंडे. कोनं नेली?"

शोभा आतून चहा घेऊन येत होती. ती सहज म्हणाली, "गोपिकाबाईच नेतात ना. तीनला गेल्या."

मी स्कूटरची किल्ली घेतली. गोपिकेची वस्ती रेल्वे लाइनपलीकडे. शालिकराम मागे बसला. मी म्हणालो, एवढ्याने काही होत नसेल. तेव्हा तो बोलला. आठ वर्षांच्या ओळखीत इतका सलग तो कधी बोलला नव्हता.

"माही बायको पंचफुला. मी वावराच्या धुऱ्यावर औषध मारून राहिलो होतो. ते जहाल होतं, हे नाही. ती न्याहारी घेऊन आली, जाता जाता तिनं धुऱ्याची चिवळ खुडली. मले वाटलं, तिले समजनच. पान्यासारखं औषध, काय समजते? मी तिले सांगतलंच नाही. आठ दिवस दवाखान्यात होती. मंग गेली." रूळ ओलांडताना म्हणाला, "तवापासून नीळ टाकतो."

लाज वाटली असे लिहिणे सोपे आहे. मला भीती वाटत होती, आणि ती गोपिकेपेक्षा माझ्यासाठी जास्त होती, हे कबूल केले पाहिजे.

गोपिकेच्या दारात चूल पेटली होती. गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, चिवळ रटरटत होती आणि तिची नात भूमिका ताटली घेऊन शेजारी बसली होती. शालिकरामने उडी मारली आणि दुपट्ट्याने धरून गंज चुलीवरून उचलला.

"काहून गा! कोन व्हय तू? माह्या पोरीचं खानं व्हय ते!" गोपिका अंगावर धावली.

"चाखली का वं? खरं सांग. पोरीनं चाखली का?"

"नाही. मीठबी नाही टाकलं अजून. झालं काय?"

त्याने घरामागे खड्डा खणून भाजी पुरली, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. गोपिकेला आणि पोरीला साबणाने हात धुवायला लावले. मग तो तिथेच मातीत बसला आणि दुपट्ट्यात तोंड घालून रडू लागला. गोपिकेला मी जमेल तसे सांगितले. बोर्ड कसा दिसला नाही, असे विचारायलाही माझी जीभ कचरली नाही.

"दिसला ना. मले वाचता कुठं येते? बोर्ड तं नेहमीच रायते. मले वाटलं, फुलं तोडू नका म्हनून लावला. मी फुलं कुठं तोडली?" ती बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. "साहेब, तुमाले तं मालूम होतं ना. तुमी गॅलरीतून पाहता मले रोज."

शालिकरामने मान वर केली.

खोटे बोलायला तेव्हाही जागा होती. ते मनातही आले. पण भूमिका रिकामी ताटली घेऊन माझ्यासमोर उभी होती.

"हो," मी म्हणालो. "मालूम होतं."

शालिकराम उठला. त्याने गंज राखेने घासला, तीन पाण्यांनी धुतला आणि गोपिकेच्या हातात दिला. मी स्कूटर सुरू करून मागची सीट पुसली. तो माझ्या शेजारून निघून रुळाच्या कडेने चालत गेला.