शैलाताईंची वरची खोली

उन्हाळ्यात कुठल्याही गल्लीत शिरलं की शैलाताई आधी मान वर करून गच्च्या बघायच्या. फडकं बांधलेल्या छुंद्याच्या बरण्या उन्हात दिसल्या की खूश. "कैरी किसून उन्हात ठेवलीय, म्हणजे ह्या घराला वर्षभर इथेच जेवायचंय," त्या म्हणायच्या. "बाकीचं सर्वेक्षण तू कर."

मी त्यांच्या हाताखाली नगररचनेचं काम करायचो. ऑफिसात सगळ्यांसारखं मीही त्यांना शैलाबेन म्हणायचो. दोघंच असलो की शैलाताई. त्यांचे पूर्वज बडोदा संस्थानच्या दफ्तरात, माझे फौजेत. "तुमच्यांनी तलवारी सांभाळल्या, आमच्यांनी कागद," त्या चिडवायच्या, "आणि आता दोघं मिळून गटारं आखतोय!"

बडोद्यातल्या दंगलीनंतर जुन्या शहरातल्या एका गल्लीचा आराखडा आमच्याकडे आला. बऱ्याच घरांना कुलपं होती. बहुतेक मुसलमान कुटुंबं सावली, डभोई अशा आसपासच्या गावांत नातेवाइकांकडे निघून गेली होती. काही हिंदूही गेले होते. मी जीव ओतून आराखडा केला. पावसाचं पाणी साठवायची टाकी, सौर दिवे, कडुनिंब, बसायला ओटे. ताईंनी तो बराच वेळ पाहिला. "दिवे छान लावलेस. आता कुलपं उघडायचं बघू."

गेलेल्यांना आम्ही शाळेच्या सभागृहात बोलावलं. मी नकाशा लावून समजावू लागलो. डभोईहून आलेले रफीकभाई दर्जी, गल्लीतले शिंपी, मागून उठले.

"साहेब, तमे क्यां रहो छो?"

"छाणीला."

"सोसायटीमां? एमां अमारावाळुं कोई छे?"

आमच्या सोसायटीत एकही मुसलमान घर नव्हतं.

"तो पछी झाड पण त्यां ज वावो ने!" झाडंही तिथेच लावा की, असं ते म्हणाले, आणि सभागृह हसलं.

त्यांना माहीत नव्हतं ते सांगतो. त्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर मी वाढलो. दंगलीनंतर घर विकून शहराच्या टोकाला, छाणीला गेलो. बायको घाबरली होती, असं मी लोकांना सांगतो. घाबरलो मी होतो. शैलाताईंना हे ठाऊक होतं. परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "दर्जी आहे तो. मापात बोलला."

पुढच्याच महिन्यात त्यांचा फोन आला. "रविवारी मोकळा आहेस? माझं कपाट उचलायचंय." अलकापुरीतला प्रशस्त फ्लॅट भाच्याकडे सोपवून त्यांनी त्या गल्लीत वरची एक खोली भाड्याने घेतली होती.

"ताई, ह्या वयात? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीचं फिरलं. तू कपाटाचं तुझ्याकडचं टोक उचल. आणि हा जिना नकाशात एवढा रुंद कुणी दाखवला रे?"

जिना मीच दाखवला होता.

तिथे राहून त्यांनी माझा निम्मा आराखडा बदलायला लावला. मी जिथे टाकी आखली होती तिथे बायका भाजी निवडत बसायच्या, टाकी सरकली. एक दिवस आनंदाने सांगू लागल्या, "आज शेजारच्या कोकिळाबेनशी पाण्यावरून कडाडून भांडले. पाहुणीशी कुणी भांडत नाही. आता मी इथली!"

दिवाळीनंतर रफीकभाई एकटेच येऊन दुकान झाडून गेले. मग मशीन आणलं, मग बायको-मुलं. ताईंचा पहिला ब्लाऊज त्यांनी बिघडवला. "आम केम हाथ हलावतां हतां, बेन? माप क्यांथी आवे?" असं म्हणून माप देताना हात हलवल्याचा दोष वर त्यांनाच दिला. ताई तो ब्लाऊज हट्टाने घालायच्या. सगळेच परतले नाहीत. काही कुलपं अजून तशीच आहेत.

एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं, "तुझं काय?" मी मुलीची शाळा, आईचे गुडघे असं बरंच सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यांनी टोचून बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. मी पोहोचलो तेव्हा शेवटचा चहा कुणी दिला यावरून कोकिळाबेन आणि रफीकभाईंची बायको दाराशी वाद घालत होत्या. दोघींचेही डोळे सुजलेले.

तेराव्याला रफीकभाईंनी मला बाजूला घेतलं. "साहेब, बेननी खोली खाली छे. मकानमालिक पूछे छे. कोईने आपी दे?"

मालकाने खोली दुसऱ्या कुणाला द्यायची का, असं ते विचारत होते, पण आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मी येईन.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

"वांधो नहीं. हुं एने रोकी राखुं," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

खोली अजून रिकामी आहे. रफीकभाई मालकाला थोपवून धरतायत. मी घरी अजून विचारलेलं नाही.