बाईंचे तीन चंद्र

“अनंता, बाकीचे तीन चंद्र कुठे आहेत रे?” म्हात्रे बाईंनी विचारलं, तेव्हा मी पाना पुसत बसलो होतो. पुसण्यासारखं त्याला काही लागलेलं नव्हतं.

बदलापूरची शाळा, नवी सायन्स रूम, उद्‌घाटन दुसऱ्या दिवशी. माझं मोरिवलीला वर्कशॉप आहे. मी फायबरची मॉडेलं बनवतो. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन लावायचं, सुकलं की रंग. बाईंनी याच शाळेत मला आठवीत विज्ञान शिकवलं. रिटायर झाल्यावर या रूमचा आराखडा त्यांनीच काढला. चंद्र कसा झाला, याची ओळीने चार मॉडेलं.

पहिल्यात गरगर फिरणाऱ्या पृथ्वीचा तुकडा सुटतो. दुसऱ्यात भटकत आलेला चंद्र पृथ्वी ओढून धरते. तिसऱ्यात दोघं जुळ्यांसारखी शेजारी जन्मतात. चौथ्यात मंगळाएवढा गोळा पृथ्वीवर आदळतो आणि उडालेल्या मालातून चंद्र होतो. चंद्रावरून आणलेले दगड पृथ्वीशी बरेच जुळले, पण चंद्रात एकूण लोखंड फार कमी निघालं. आणि तुकडा सुटण्याइतकी पृथ्वी जोरात फिरत होती, हेही गणितात बसेना. मग पहिली तीन मागे पडली. चौथ्यावरही अजून वाद चालतात म्हणे.

दुसऱ्या मॉडेलखाली लावायची पाटी बाईंनी स्वतः लिहून दिली होती: ‘मी वर्षानुवर्षं हेच खरं म्हणून शिकवलं. – म्हात्रे बाई.’

मॉडेलं बसवली आणि बाई महिनाभर लेकीकडे नाशिकला गेल्या. तेवढ्यात शाळेचे ट्रस्टी रूम बघायला आले.

“अनंतराव, चुकीचं आहे ते ठेवायचंच कशाला? पोरं तेच पेपरात लिहून येतील. तीन काढून टाका, चौथं एकदम फ्रंटला घ्या.”

“बाईंना विचारतो.”

“बाईंना मी सांगतो हो.”

त्यांनी सांगितलं नाही. मीही फोन केला नाही. खरं म्हणजे मला बरंच वाटलं. आमच्या बाईंची चूक भिंतीवर, सगळ्या गावासमोर! मला ते बघवत नव्हतं. तिन्ही मॉडेलं वर्कशॉपला आणली. जागा अडत होती, आणि फायबरला भंगारवालाही विचारत नाही. ग्राइंडरने कापून टाकली, साच्यांसकट.

हे सगळं मी बाईंना सांगितलं.

“आणि माझी पाटी?”

“तुम्हाला कुणी हसू नये म्हणून काढली, बाई.”

त्या खुर्चीवर बसल्या. “चंद्राबद्दल मी तुला काय शिकवलं होतं?”

“पृथ्वीने पकडला म्हणून.”

“मग? तुम्हा सगळ्यांची माफी मी आता कुठे मागू?”

नवीन करून देतो म्हणालो. त्या “राहू दे” म्हणाल्या. उद्‌घाटनाला आल्या नाहीत.

चौथं मॉडेल अजून छान आहे, रंगही उडालेला नाही. मध्यंतरी रिपेअरला गेलो, तर आठवीतली एक मुलगी विचारत होती, “पण हे शोधलं कसं?” भिंतीवर त्याचं उत्तर नव्हतं.

आता कुणाच्या ड्रॉइंगमध्ये चूक दिसली, की हात लावण्याआधी त्यालाच फोन करतो. बाईंचाही नंबर आहे. तो लावायला मात्र अजून धीर होत नाही.