वस्ताद बसले होते ती बाजू

ठाण्याची कंपनी बंद पडली तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. कंपनी पुन्हा सुरू होईल असं सांगणारे बरेच होते. मीही वर्षभर तेच सांगत फिरलो आणि मग थकून डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या बाजूला, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर व्हिडिओ गेमचा गाळा टाकला. दोन टीव्ही, दोन मशीनं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेलं एक बाकडं. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणजे काय ते मला तिथं नीट कळलं. कंपनीत निदान आवाज एकाच सुरात चालायचा.

त्या वर्षी गाळ्यात दुसरा विषयच नव्हता. कुस्तीची नवीन सीडी येणार होती. जुनी सीडी पोरांनी इतकी खेळली होती की कुठला पैलवान कधी काय करणार हे त्यांना पाठ होतं, आणि ऐकून ऐकून मलाही. केबलवर जी अमेरिकन कुस्ती दिसायची तीच ही, अंगाला तेल लावलेले आडदांड गडी आणि खुर्च्यांची फेकाफेक. नवीन सीडीत चौघे एकदम लढणार, शिडीवर चढता येणार, पैलवान आत येताना प्रत्येकाचं वेगळं गाणं वाजणार, रक्तही दिसणार, असं पोरं छातीठोकपणे सांगायची. ही बातमी कुठून आली विचारलं तर कुणाचा तरी मावसभाऊ कल्याणला राहत असायचा. माझी स्वतःची अपेक्षा एवढीच होती की नवीन सीडी मधेच अडकू नये आणि पोरांनी रागाच्या भरात रिमोट जमिनीवर आपटू नयेत. यातलं काही होणार नाही हेही मला ठाऊक होतं.

खरी बातमी आणायचा तो सीडीवाला. दर गुरुवारी तो कल्याणहून स्कूटरवर यायचा, डिकीतून पिशवी काढायचा आणि नवीन काय येतंय ते सांगायचा. एकदा त्यानं परदेशी मासिकाचं एक पान आणलं. ते पान आठवडाभर गाळ्यात फिरलं आणि घड्यांवर फाटलं. त्या पानावरून त्यानं दोन गोष्टी वाचून दाखवल्या. एक, नवीन सीडीत आपल्या मनासारखा पैलवान बनवता येणार, चेहऱ्यापासून चड्डीच्या रंगापर्यंत. दुसरी, कुस्ती संपली की शेवटचा डाव पुन्हा सावकाश दाखवणार, आणि बघताना कॅमेरा हवा तसा फिरवता येणार. पहिल्या गोष्टीवर पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या गोष्टीकडं कुणी लक्ष दिलं नाही. फक्त बाकड्यावर बसलेल्या आबांनी विचारलं, "म्हंजी पलीकडनं बी दिसंल?"

आबा म्हणजे माझे वडील. रिटायर झाल्यापासून त्यांना घरात करमत नसे, म्हणून दुपारचं जेवण झालं की ते गाळ्यात येऊन बसायचे. साताऱ्याकडच्या आमच्या गावात ते तरुणपणी तालमीत होते, आणि त्या तालमीचे वस्ताद त्यांना पोटच्या पोरासारखे वागवायचे. गेममधली कुस्ती आबांना अजिबात पटत नसे. पाठ टेकल्यावर पंच जमिनीवर थापा मारत एक, दोन, तीन मोजतो आणि खालचा गडी अडीचला उठतो, हे पाहिलं की ते वैतागायचे. टेकली म्हणजे टेकली, मोजायचं काय त्यात, असं त्यांचं म्हणणं. पोरांना त्यांची गंमत वाटायची. ती मुद्दाम विचारायची, "आबा, तुम्ही कितीला उठला असता?" मग आबांना त्यांची ती एक कुस्ती आठवायची आणि मी उठून बाहेर जाऊन उभा राहायचो.

ती गोष्ट मी जन्मापासून ऐकत आलो होतो. गावची यात्रा, शेवटून दुसरी कुस्ती. समोरचा गडी त्याच तालमीतला, पण पाटलांच्या घरातला. वीसेक मिनिटं झोंबाझोंबी झाली, मग त्यानं आबांना बगलेतून काढून खाली घेतलं. आबा पडले, पण उजव्या अंगावर. डावा खांदा मातीपासून चार बोटं वर होता, हे सांगताना ते दरवेळी चार बोटं आडवी धरून दाखवायचे. पंच म्हणून आखाड्याच्या कडेला वस्तादच बसले होते. त्यांनी हात वर केला आणि आबा चितपट झाल्याचं सांगितलं. आबा उठले आणि भरल्या फडात वस्तादांना म्हणाले, तुम्ही पाटलाला विकले गेलात. दुसऱ्या दिवशी आबांनी गाव सोडलं, कळव्याला एका नातेवाइकाच्या खोलीत येऊन राहिले, कंपनीत लागले आणि परत कधी गावी गेले नाहीत. भावकीतल्या लग्नांना नाही, आजीच्या तेराव्यालाही नाही. मला आमचं गाव अजून माहीत नाही.

माझ्या जन्माची बातमी गावी गेली तेव्हा वस्तादांनी कुणाबरोबर तरी तालमीतल्या मातीची पुडी पाठवली होती. पोराच्या कपाळाला लावा, असा निरोप होता. गावात तालमीतल्या प्रत्येक गड्याच्या पोराला ती लावायचे. आबांनी आईला सांगितलं, फेकून दे. आईच्यानं फेकवेना. तिनं ती गुपचूप तुळशीच्या कुंडीत मिसळली. हे तिनं मला मी कॉलेजात असताना सांगितलं, आणि आबांना सांगू नकोस असंही सांगितलं. पुढं वस्ताद वारले. कार्ड आलं त्या दिवशी आबा नेहमीसारखे डबा घेऊन कामावर गेले. डबा तसाच भरलेला परत आला.

मला या सगळ्याचा कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू. गावच्या आठवणी म्हटल्या की मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. कुठल्या तरी यात्रेतल्या कुठल्या तरी खांद्यापायी आमचं घर चाळीस वर्षं एका बाजूला पडलं होतं, आणि त्या खांद्याचं मला काहीएक वाटत नव्हतं. माझी कंपनी बुडाली, ती कुणी बुडवली हे मलाही माहीत होतं, पण मी ते सांगत बसलो नव्हतो. निदान आबांइतकं नाही.

पण त्या गुरुवारपासून आबा बदलले. पोरांच्या आधी तेच सीडीवाल्याला विचारायला लागले. आली का? कधी येणार? तो प्रत्येक वेळी पुढच्या आठवड्यावर ढकलायचा. मधे दोनदा त्यानं भलत्याच सीड्या आणल्या, एक गाड्यांची आणि एक फुटबॉलची. आबांनी त्याला नीट समजावून विचारलं की पैलवान बनवताना वजन घालता येतं का, उंची घालता येते का, आणि पलीकडनं बघायचं म्हणजे कुठल्याही बाजूनं का ठरलेल्याच. सीडीवाला हसून म्हणाला, सगळं होतं काका. त्याला काय, तो उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस.

एके दिवशी माझा तोल गेला. लाइट गेली होती, पोरं खेळ अर्धवट राहिला म्हणून भांडत होती, उकाडा होता, आणि आबा तिसऱ्यांदा विचारत होते की आपला पैलवान उजव्या अंगावर पडेल असं करता येईल का. मी म्हणालो, "आबा, ती चित्रं आहेत. त्यांना खांदा नसतो. तुमची कुस्ती कधीच संपली." सगळ्या पोरांसमोर म्हणालो. आबा छत्री घेऊन उठले आणि घरी गेले. पुढचे दोन दिवस ते गाळ्यात आले नाहीत, आणि बाकड्यावरची ती रिकामी जागा मला दिवसभर दिसत राहिली. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी माफी मागितली नाही, फक्त त्यांच्यासाठी पंखा त्या बाजूला वळवला.

सीडी शेवटी आली. पहिले चार दिवस गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शिडी होती, गाणी होती, रक्त नव्हतं. मग शाळांच्या परीक्षा लागल्या आणि एका दुपारी गाळा एकदम रिकामा झाला. आबा बाकड्यावरून उठून टीव्हीसमोरच्या खुर्चीत येऊन बसले. काही मागितलं नाही, नुसते बसले. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि पैलवान बनवायला घेतले.

त्याला तासभर लागला. आबांच्या पैलवानाला लंगोट मिळाला नाही, म्हणून आखूड लाल चड्डी घेतली. मिशी मिळाली. समोरचा गडी बनवताना आबांनी मला दोनदा थांबवलं आणि त्याचं वजन वाढवायला लावलं. त्याची मांड माझ्यापरीस भक्कम होती, म्हणाले. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मातीचा आखाडा नव्हताच, दोऱ्या बांधलेली चौकोनी रिंग होती. चालतंय, म्हणाले.

पाटलाच्या गड्याकडून मी खेळलो. आबांनी दुसरा रिमोट दोन्ही हातांत धरला होता, पण एकही बटण दाबलं नाही. मी त्यांना उचलायचो, ते पडायचे, आबा मान हलवायचे. असं नव्हतं. पुन्हा. अकराव्या का बाराव्या वेळी कुठलं तरी भलतंच बटण दाबलं गेलं आणि माझ्या गड्यानं त्यांना बगलेतून काढून खाली घेतलं. आबांनी माझा दंड धरला. "ह्योच."

मी शेवटचा डाव पुन्हा लावला. चित्र सावकाश सरकलं. लाल चड्डीवाला उजव्या अंगावर पडला, वरचा त्याच्यावर आडवा झाला. मी चित्र थांबवलं आणि कॅमेरा हळूहळू खाली आणला. डाव्या खांद्याखाली फट होती. खरंच होती. गेम बनवणाऱ्यांची चूक असेल, पण फट होती आणि तिच्यातून रिंगचा निळा रंग दिसत होता. आबा पुढं वाकले आणि त्यांनी काचेवर आडवी चार बोटं ठेवली. मला मनापासून आनंद झाला. मला वाटलं, सुटलो, आम्ही दोघंही सुटलो.

मग ते म्हणाले, "आता वस्ताद बसलं हुतं ती बाजू."

ती कुठली, मी विचारलं. त्यांनी हातानं दाखवलं. मी कॅमेरा रिंगच्या पलीकडं नेला आणि माणूस खाली बसल्यावर जिथून बघेल तेवढ्या उंचीवर आणला. तिथून वरच्या गड्याची अख्खी पाठ मधे येत होती. खांद्याखालची फट दिसत नव्हती. खालचा गडी सपाट पडलेला दिसत होता, दोन्ही खांदे टेकलेला. आबांनी अलीकडून पुन्हा बघितलं, पलीकडून पुन्हा बघितलं. पाच-सहा वेळा मी तो कॅमेरा इकडून तिकडं फिरवला. माझा अंगठा दुखायला लागला, तरी मी फिरवत राहिलो.

"हितनं टेकलेलाच दिसतोय," आबा म्हणाले.

मी म्हणालो, आबा, हे मशीन आहे, त्यांनी बनवलंय तसं ते दिसतं, यावरून काही ठरत नाही. जे वाक्य मी त्यांना रागानं ऐकवलं होतं तेच आता गयावया करून सांगत होतो.

"मशीनचं सोड," ते म्हणाले. "वस्ताद पलीकडं हुतं, त्यो गडी माझ्या अंगावर. ह्ये मला तवाच कळाया पायजे हुतं. त्यांना जे दिसलं त्ये त्यांनी सांगितलं. आन् मी त्यांना सगळ्या गावाम्होरं विकलं ग्येलात म्हणालो."

त्यांनी रिमोट खाली ठेवला, अगदी हळू, पोरांनी शिकावं असा. मग बराच वेळ ते टीव्हीकडं बघत बसले. त्यावर ते दोघं तसेच एकमेकांवर थांबलेले होते. मला ते बंद करवेना. चार वाजले तसा मी शटर वर केलं आणि चहा सांगितला.

त्या रात्री आबा नेहमीसारखे जेवले आणि झोपले. सकाळी मी चपला घालत होतो तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून आईला विचारलं, ती पुडी कुठं टाकलीस. कुठली पुडी, असं आईनं विचारलं नाही. आदल्या दिवशी काय झालं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हातातली भाजी खाली ठेवली आणि गॅलरीतल्या तुळशीकडं बोट केलं.

आबा गॅलरीत गेले. त्या कुंडीतली माती इतक्या वर्षांत किती वेळा बदलली असेल, आईनं किती खत घातलं असेल, तालमीतला एखादा तरी कण तिच्यात उरला होता की नाही, कोण जाणे. त्यांनी चिमूट घेतली, माझ्यासमोर आले आणि अंगठ्यानं माझ्या कपाळाला लावली. माझे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. थोडी माती माझ्या शर्टावर सांडली.

"वस्तादांनी पाठवली हुती," ते म्हणाले. "लावायची ऱ्हाऊन ग्येली."

मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी चपलेचा पट्टा लावत खाली वाकून राहिलो. मग कपाळ न पुसता गाळा उघडायला गेलो.